आतला चेंडू

फोटोकॉपीच्या यंत्रातून ग्रिसेलने आपले कागद उचलले तेव्हा त्यांतला एक कागद तिचा नव्हता. तिला हव्या होत्या त्या दोन नव्या खेळाडूंच्या घरभाड्याच्या कराराच्या प्रती. त्यांच्या मध्येच हे पान आलं होतं, कोपऱ्यात चौदाचा आकडा, अजून कोमट. ज्याचं असेल त्याच्यासाठी बाजूला ठेवावं म्हणून तिने ते वेगळं केलं आणि नजर सहज मधल्या ओळीवर गेली. 'खेळाडूच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, आतला चेंडू टाकायला हात उचलला की त्याला तो आवाज ऐकू येतो.' तिने ओळ पुन्हा वाचली. पानाच्या माथ्यावर राडामेस तेहेदाचं नाव होतं, पण वाक्य तिचं होतं. राडाने ते स्पॅनिशमध्ये म्हटलं होतं, तिने इंग्रजीत केलं होतं, आणि करताना 'तो आवाज' एवढंच ठेवलं होतं, कसला ते न जोडता, कारण त्यानेही जोडलं नव्हतं. आपला कोट दुसऱ्याच कुणाच्या अंगावर रस्त्यात दिसावा तसं तिला झालं. इतकी वर्षं तिचं बोलणं हवेत विरून जात आलं होतं. दुभाष्याचं बोलणं कुणी छापत नाही, त्याच्यावर पानाचा आकडा घालत नाही. तिने पान पालथं करून ट्रेमध्ये परत ठेवलं, जागेवर येऊन बसली, आणि घरभाड्याच्या करारातलं पहिलं कलम तिने तीन वेळा वाचलं तरी त्यात काय लिहिलंय ते तिच्या डोक्यात शिरेना.

पोर्ट हॅलमच्या अँकर्स या बेसबॉल संघात ग्रिसेल्दा ओकेन्दोला पाच वर्षं झाली होती. त्याआधी वीस वर्षं ती याच शहरात इस्पितळात आणि कोर्टात दुभाष्याचं काम करत होती. नवरा गेल्यावर इस्पितळाचे जिने चढवेनात, म्हणून तिने ही नोकरी धरली. मेणबत्तीसारखी सरळ, उंच बाई, सत्तेचाळीस वर्षांची, आवाज हलका आणि एकसारखा. या पाच वर्षांत तिने स्पॅनिश बोलणाऱ्या अकरा पोरांना बँकेत नेलं होतं, दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्यांच्या बायकांच्या बाळंतपणात पडद्यामागे उभं राहून 'आता जोर करा' असं दोन भाषांत म्हटलं होतं. अकरांपैकी आठ निघून गेले होते. निघून जाणं हीच इथली रीत होती. पोलादाचे कारखाने बंद पडून शहर निम्मं झालेलं, टीव्हीवाले हात आखडून पैसे देणार, स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर गल पक्षीच जास्त. मोठ्या शहरांचे संघ तयार खेळाडू विकत घेत. अँकर्स खेळाडू पिकवत आणि पिकला की देऊन टाकत, बदल्यात आणखी तीन कच्चे घेत. पहिली तीन वर्षं क्लब देईल ते खेळाडूने घ्यायचं, पुढची तीन वर्षं भांडून घ्यायचं, आणि सहा वर्षं भरली की तो मोकळा, हवा तिकडे जाईल. पोर्ट हॅलममध्ये सहावं वर्ष कुणी पाहत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत भिंतभर पांढरी फळी होती. तिच्यावर चाळीस नावांच्या चाळीस पट्ट्या, चुंबकाच्या, कुणाची किती वर्षं उरली त्याप्रमाणे हिरव्या, पिवळ्या, तांबड्या. एक पट्टी लावायची तर एक काढावी लागे. या हिवाळ्यात राडाची पट्टी हिरव्याची पिवळी झाली होती. म्हणजे त्याची भांडायची वर्षं सुरू झाली होती. त्याने एकोणचाळीस लाख डॉलर मागितले होते, क्लब एकतीस देत होता, आणि फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या एका हॉटेलात तीन लवाद दोन्ही बाजू ऐकून या दोन आकड्यांतला एक उचलणार होते. मधला नाही. त्यासाठी एक तासभर क्लबला तीन अनोळखी माणसांना पटवून द्यायचं होतं की आपला सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वाटतो तेवढा चांगला नाही. खेळाडूच्या देखत.

गेल्या जूनमधल्या त्या रविवारी ती स्टेडियममध्येच होती. राडाचा चेंडू सुटला आणि पाहुण्या संघाचा ब्रँट नावाचा फलंदाज मागे सरकायच्या ऐवजी खाली वाकला. आवाज झाला. ओल्या लाकडावर कुऱ्हाडीची बोथट बाजू बसावी तसा, फार मोठा नाही, पण वीस हजार माणसं एकदम गप्प झाल्यामुळे तो जाईना. ब्रँटच्या गालाचं हाड मोडलं आणि एका डोळ्याची दृष्टी बरीचशी गेली. राडा चार वेळा इस्पितळात गेला. चौथ्या वेळी त्याला आत घेतलं, आणि ग्रिसेलने दोघांच्या मध्ये उभं राहून एकाची माफी इंग्रजीत केली आणि दुसऱ्याचं 'तुझी चूक नव्हती' स्पॅनिशमध्ये केलं. त्यानंतर राडा फलंदाजाच्या अंगाजवळून जाणारा चेंडू टाकीनासा झाला. पिचर आत टाकत नाही हे एकदा कळलं की फलंदाज निर्धास्तपणे पुढे झुकतो आणि बाहेरचा चेंडू बॅटवर घेतो. जुलै वाईट गेला, ऑगस्ट त्याहून. क्लबने त्याला मनाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या छोट्या खोलीत, जिथे एक कृत्रिम झाड आणि पाण्याचा जग होता, राडा गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा आणि ग्रिसेल त्याच्या खांद्यामागे. सहा वेळा ती तिथे बसली. तो 'मी' म्हणाला की तिनेही 'मी'च म्हणायचं, हा धंद्याचा नियम. मला झोप लागत नाही. मला तो आवाज ऐकू येतो. रात्री घरी गेल्यावर ती वाक्यं तिच्या तोंडात राहिलेली असत आणि कधीकधी चहा गाळताना तिला खरोखर वाटे की आपल्यालाच झोप लागत नाही.

आणि मग ऑगस्टच्या शेवटी क्लबच्या भोजनगृहात ग्रँट विट्मर तिच्यासमोर ताट घेऊन बसला होता. विट्मर आकड्यांचा माणूस, एकतीस वर्षांचा, नम्र, वरच्या मजल्यावरच्या फळीवरच्या पट्ट्या बहुतेक त्याच्याच सांगण्यावरून हलायच्या. सूप ढवळत तो म्हणाला होता, "तेहेदाला खालच्या संघात पाठवावं म्हणतोय. हात दुखत असेल आणि सांगत नसेल तर?" तिला खालचा संघ म्हणजे काय ते माहीत होतं. तिथे गेलेली पोरं परत येत, पण पाय ओढत. तिने ब्रेडचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाली, "हाताला काही झालेलं नाही. वेळ द्या त्याला." आणि मग ते वाक्य म्हणाली. तिच्या मनात फक्त दया होती. नंतर कित्येकदा तिने त्या क्षणात परत जाऊन दयेखेरीज आणखी काही होतं का ते शोधलं, आणि एकदा तिला तळाशी एक बारीकशी गोष्ट सापडली: वरच्या मजल्यावरचा माणूस आपल्याला काहीतरी विचारतोय, आपल्याला ठाऊक असलेलं त्याला ठाऊक नाही, याचं सुख.

पान सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खोलीत गेली.

"ग्रँट, चौदाव्या पानावर एक वाक्य आहे."

"तुम्ही कुठे पाहिलंत?"

"यंत्रात राहिलं होतं."

विट्मरने डोळे मिटून घेतले. "माझीच चूक. बसा ना."

"ते मी तुम्हाला जेवताना सांगितलं होतं. त्याला खाली पाठवू नये म्हणून."

"आणि नाही पाठवलं. तुमचं ऐकलं आम्ही."

"ते डॉक्टरांच्या खोलीतलं होतं. मी सांगायलाच नको होतं."

"डॉक्टरांकडून आम्ही काही मागितलं नाही, ग्रिसेल. त्यांनी दिलंही नसतं." तो खरंच अवघडला होता, पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता. "आणि पान आकड्यांवरच उभं आहे. जूनच्या आधी शंभरातले तीस चेंडू आत, नंतर नऊ. तुमचं वाक्य नसतं तरी पान असतंच."

"मग वाक्य काढा."

"वकीलबाईंना विचारतो. काढतील बहुतेक."

"बहुतेक?"

"आठ लाखांचा फरक आहे. मोठ्या संघांना आठ लाख म्हणजे टॉवेल धुवायचा खर्च. आम्हाला त्यात एक राखीव कॅचर येतो." मग, जणू तिची समजूत काढायला, तो म्हणाला, "आम्हाला तो आवडतो. सगळ्यांनाच आवडतो."

ती खाली आली. बाहेर तळं गोठलेलं होतं आणि बर्फाच्या कडेला कुणीतरी मासे धरायला भोक पाडून खुर्ची टाकून बसला होता, हालत नव्हता. आपण आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं असं तिला वाटत राहिलं, पण ते कोणतं हे तिला सुचेना. दर रविवारी राडाचा फोन येई, ओकोआच्या डोंगरातल्या त्याच्या गावाहून, मागे कोंबड्या आणि कुणाची तरी मोटरसायकल.

"तिया, कशी आहेस?" तो तिला तिया म्हणे, म्हणजे मावशी. "मी त्यांना सांगून टाकलंय. खेळाडूंच्या संघटनेवाले म्हणत होते, सुनावणीला आमचा दुभाषी देतो, मोठा हुशार आहे. मी म्हटलं, माझं तोंड पोर्ट हॅलममध्ये राहतं, तेच येईल."

"त्यांचा माणूस बरा असेल, राडा. मी क्लबचा पगार खाते."

"मीपण क्लबचाच पगार खातो. थंडी किती आहे?"

"नाक गळून पडेल इतकी."

"उचलून ठेव. आल्यावर चिकटवून देतो."

ती हसली, आणि हसता हसता तिने ठरवलं की आता सांगायचं. राडा, एक पान आहे. एवढंच म्हणायचं होतं. पुढचं आपोआप आलं असतं. पण त्याने आईच्या गुडघ्याचं काढलं, मग कॉफीच्या पिकाचं, मग लाइन तुटली. पुढच्या रविवारी तिने स्वतःला सांगितलं, वाक्य काढलं असेल, उगाच कशाला. त्याच्या पुढच्या रविवारी तिने फोन दोनदा वाजू दिला आणि तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती फक्त विमानाच्या वेळेबद्दल बोलली. माणसाला एखादी गोष्ट सांगायची राहून जाते ती अशी, एकदम नव्हे, एकेक रविवार करत. ती इस्त्री करत असे आणि शर्टाच्या बाहीवरून इस्त्री फिरत असताना तिला वडिलांच्या खाकी शर्टाची बाही दिसे. ती अकरा वर्षांची होती. तिचे वडील, एउसेबिओ ओकेन्दो, पोर्तो रिकोहून येऊन पोलादाच्या भट्टीवर सोळा वर्षं होते आणि 'येस सर'च्या पुढे इंग्रजी त्यांना आलं नाही. कचेरीत बोलावणं आलं तेव्हा त्यांनी तिला शाळेतून नेलं. टेबलामागच्या माणसाने तिच्याकडे न पाहता सांगितलं की भट्टी कायमची बंद होतेय, काम गेलं, परत बोलावणं यायचं नाही. वडील वाकून तिच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्या बाहीला कडक इस्त्री होती, आईने मुद्दाम केलेली. तिने म्हटलं, "ते म्हणतायत, सध्या काम कमी आहे, लागेल तेव्हा बोलावतील." वडिलांनी त्या माणसाला 'येस सर' म्हटलं, दोनदा, आणि हात मिळवला. पुढे सात महिने ते फोनजवळ बसले. शेजारच्या गावी रोपवाटिकेत काम मिळत होतं ते त्यांनी घेतलं नाही, कारखान्याचं बोलावणं आलं आणि आपण नसलो तर. ती शाळेतून येई आणि ते मान वर करून विचारत, "फोन बिघडला नाही ना?" ती रिसीव्हर उचलून कानाला लावी आणि म्हणे, चालू आहे. कधीतरी त्यांना कळलं असेल. भट्टीच पाडली तेव्हा तरी नक्की. पण ते तिला काही बोलले नाहीत, आणि तिनेही त्यांना ते मरेपर्यंत सांगितलं नाही. दुभाष्याच्या परीक्षेत तिने लिहिलं होतं, वाढवायचं नाही, घटवायचं नाही, मऊ करायचं नाही. तिला शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळाले होते.

फ्लोरिडात ऊन होतं आणि हॉटेलच्या त्या सभागृहात इतका गारठा की लवादांपैकी एका म्हाताऱ्या बाईने खांद्यावर शाल घेतली होती. घोड्याच्या नालेसारखी टेबलं मांडलेली. एका बाजूला क्लब: वकीलबाई लॉरा स्ट्रँड, विट्मर, आणखी दोघे. समोर राडा, नवा निळा सूट, मानेला कॉलर टोचतेय हे दिसत होतं, त्याच्या डाव्या हाताला त्याचा एजंट कोहूट आणि उजव्या हाताला, किंचित मागे, ग्रिसेल. ती त्याच्या कानाशी कुजबुजत होती. वकीलबाईंची सुरुवात स्तुतीने झाली. तेहेदा उत्तम सहकारी आहे, शहराचा लाडका आहे. मग पानं उलटू लागली. साठाव्या चेंडूनंतर त्याचा उतरणारा वेग. डावखुऱ्या फलंदाजांसमोर त्याची दैना. त्याच्याच वयाचे चार पिचर आणि त्यांना मिळालेले पैसे. ग्रिसेल एकेक वाक्य उचलून पलीकडे ठेवत होती, पाण्याने भरलेली भांडी न सांडता नेल्यासारखी, आणि तिच्या लक्षात आलं की ती मनातल्या मनात पानं मोजतेय. अकरा. बारा. विट्मर टेबलाकडे पाहत होता. पडद्यावर चौदावं पान आलं आणि तिने ओळींतून नजर टाकली. वाक्य होतं तिथेच होतं.

"जूनच्या नऊ तारखेनंतर," वकीलबाई म्हणाल्या, "खेळाडूच्या आतल्या चेंडूंचं प्रमाण तिसऱ्या हिश्शावर आलं." ग्रिसेलने ते सांगितलं. "खेळाडूच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, आतला चेंडू टाकायला हात उचलला की त्याला तो आवाज ऐकू येतो. हे परत पहिल्यासारखं होईल असं मानायला क्लबकडे आधार नाही." आणि ग्रिसेल थांबली. फार तर एका श्वासाएवढी. तिला त्याच्या कानाची पाळी दिसत होती, तिथला जुना व्रण, नवीन कापलेले केस. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार. ते तिने त्याच्या कानात त्याच्याच भाषेत म्हणायचं होतं, आणि ते ऐकून त्याने वळून पाहिलं असतं, कारण त्याने हे जगात दोघांनाच सांगितलं होतं आणि त्यांतली डॉक्टरबाई इथे नव्हती. "ते म्हणतायत," ती कुजबुजली, "की जूननंतर आतले चेंडू कमी झाले, आणि पुढे वाढतील की नाही ते सांगता येत नाही." राडाने मान हलवली. त्याने वळून पाहिलं नाही. वकीलबाईंनी पान उलटलं.

मधल्या सुट्टीत कोहूटने दोघांना बाहेर काढलं. बर्फाच्या यंत्राजवळ एक कोपरा होता. कोहूट घाईत होता. उत्तर द्यायला अर्धा तास मिळणार होता आणि काय काय खोडायचं ते तो हातावर लिहीत होता.

"त्याला विचारा, ते आवाजाचं खरं आहे का. मला हे आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. खरं असेल आणि आता बरं झालं असेल तर मी त्याला उभं करतो, त्याच्या तोंडून ऐकवतो. खोटं असेल तर मी त्यांना फाडतो. पण मला आत्ता कळायला हवं."

ग्रिसेल राडाकडे वळली. "ते विचारतायत, वकीलबाई त्या पानावर म्हणाल्या ते खरं आहे का."

राडा तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे शांत होते, वाट पाहत असल्यासारखे. "काय म्हणाल्या?"

"आतल्या चेंडूंचं. कमी झाले ते."

"आणखी काही म्हणाल्या?"

यंत्रात बर्फाचे तुकडे कोसळले. "नाही," ग्रिसेल म्हणाली.

"मग मला काही ठाऊक नाही," राडा म्हणाला. "हेच सांग त्यांना."

"तो म्हणतो, त्याला काही ठाऊक नाही," ग्रिसेलने इंग्रजीत सांगितलं, आणि पाच वर्षांत प्रथमच तिला तिचं इंग्रजी परक्या माणसाचं वाटलं.

कोहूटने ओठ आवळले. "म्हणजे काहीतरी आहे. मग त्याला हात लावायला नको. खोदलं तर मोठं होईल." त्याने हातावरची एक ओळ खोडली. उरलेल्या अर्ध्या तासात तो वेगाबद्दल बोलला, डावखुऱ्यांबद्दल बोलला, सप्टेंबरमधल्या बऱ्या सामन्यांबद्दल बोलला. चौदाव्या पानाचं नावही त्याने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. एकतीस लाख. लवाद कारणं देत नाहीत. पण विट्मर जिन्यात कुणाला तरी फोनवर सांगत होता ते तिने ऐकलं, "चौदाव्यावर ते काही बोललेच नाहीत, मी थक्क झालो."

राडा तिला हॉटेलच्या मागे भेटला, जिथे धोबीखान्याच्या गाड्या उभ्या राहतात. सूट नव्हता, चपला घातल्या होत्या. तो उंबरठ्यावर बसला होता आणि त्याने बाजूला सरकून तिला जागा केली, ती केली नसती तर तिला जास्त सोपं गेलं असतं.

"तिया, मला इंग्रजी कळतं."

ती उंबरठ्यावर त्याच्या शेजारी बसली.

"बोलता येत नाही फारसं. कळतं. दोन वर्षं झाली. प्रवासात बसमध्ये कानात घालून शिकलो, सगळ्यांना वाटायचं गाणी ऐकतोय."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करू? तुझ्या भाषेचे आम्ही तिघंच उरलो संघात. मला कळतं म्हटलं की ते म्हणणार, दोघांसाठी कशाला बाई हवी." तो तळहाताकडे बघत होता. "काल ती बाई बोलली ते मी ऐकलं. ते तू सांगितलंस त्यांना, हेही कळलं. तेव्हा राग आला नाही खरं तर. इंग्रजीत ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. मी वाट बघत होतो तू म्हणशील म्हणून. तू म्हटलं असतंस की मी उठणारच होतो."

"उठून काय करणार होतास?"

"सांगणार होतो." त्याने बोटं चेंडू धरल्यासारखी वळवली. "नोव्हेंबरपासून गावात टाकतोय मी. आधी केळीचा खांब पुरला, त्याला शर्ट घातला. रोज दोनशे. आत, अंगाजवळून. पहिला महिना तर ओकलो मी रोज. मग माझा भाऊ उभा राहिला, मोटरसायकलचं हेल्मेट घालून. मग हेल्मेट काढून. डिसेंबरपासून एकही लागला नाही त्याला. आवाज येतो अजून. येऊ दे म्हणतो, येतो आणि मी टाकतो. हे सांगायचं होतं मला तिथे. कोट शिवला होता त्यासाठी."

"मग बोलायचंस. तू उठायचंस." तिचा आवाज हलका राहिला नाही.

"तू नाही म्हणालीस ना. मी दोनदा विचारलं. तू काही म्हणालीच नाहीस, तर मी उत्तर कशाचं देऊ? मी उठून ते काढलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की तू गाळलंस. त्यांनी तुला तिथल्या तिथे काढलं असतं." त्याने चपलेचा पट्टा सारखा केला. "आणि मला वाटलं, हिला माझी लाज वाटते. म्हणून म्हणवत नाही."

ग्रिसेलला म्हणायचं होतं की लाज माझी होती. तिला कचेरीतल्या टेबलाबद्दल सांगायचं होतं, फोनबद्दल, रिसीव्हरमधल्या त्या लांब घूं आवाजाबद्दल. पण ते सांगणं म्हणजे त्याच्याकडे पदर पसरणं झालं असतं, आणि त्याच्याजवळ द्यायला आता काही शिल्लक नसावं असं त्याच्या खांद्यांवरून वाटलं. एक गाडी ओल्या चादरी घेऊन आली. त्यांना उठावं लागलं.

वसंतातल्या सरावाच्या पहिल्या दिवशी वार्ताहर जमले. ग्रिसेल नेहमीच्या जागी, त्याच्या डाव्या खांद्यामागे, उभी राहायला निघाली तेव्हा राडाने हाताने तिला थांबवलं, उद्धटपणे नाही, दार धरून ठेवावं तसं. आणि तो इंग्रजीत बोलला. मोडकं, क्रियापदं इकडची तिकडे. सुनावणीबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, धंदा आहे, मला समजतं, मी खूश आहे. सगळ्यांनी लिहून घेतलं. ती दोन पावलं मागे उभी होती, तिचे ओठ सवयीने हलत होते. एप्रिलच्या दुसऱ्या सामन्यात त्याने पहिल्याच फलंदाजाला आत टाकला, छातीच्या दोन बोटं पुढून, आणि फलंदाज उडी मारून मागे पडला. लोक उभे राहिले. मे महिन्यात तर मोठ्या शहरांचे पारखी लोक वेग मोजायच्या रडारच्या बंदुका घेऊन पाठीमागच्या खुर्च्यांवर येऊन बसू लागले. विट्मर तिच्याजवळ येऊन म्हणाला, "बघितलंत? त्या सुनावणीनं बरंच केलं त्याचं." तो मनापासून आनंदात होता. त्याच आठवड्यात स्पॅनिश बोलणाऱ्या दुसऱ्या खेळाडूची पट्टी फळीवरून निघाली, आणि तिला कचेरीतून पत्र आलं की पुढच्या हंगामापासून काम अर्धवेळ राहील.

तो आता इतका चांगला टाकत होता की त्याला ठेवणं परवडणारं नव्हतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मॅनेजरच्या खोलीत त्याला बोलावलं. नियमाप्रमाणे ग्रिसेललाही बोलावलं. पश्चिमेकडच्या एका मोठ्या संघाने तीन पोरं देऊन त्याला घेतलं होतं, विमान चार वाजता. राडाने इंग्रजीत विचारलं, सामान कोण पाठवतं, घराचं भाडं उरलेल्या महिन्यांचं कोण देतं. मॅनेजरने सांगितलं. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. ग्रिसेल खुर्चीच्या कडेवर बसून होती, तिच्या मांडीवर वही होती आणि वहीवर काही लिहावं लागलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत त्याने आपल्या कप्प्यातलं सगळं दोन पिशव्यांत भरलं. बाकीची पोरं एकेक करून मिठी मारून गेली. मग तो तिच्यापाशी आला. पिशव्या खाली ठेवल्या, हात पुढे केला. तिला वाटलं, आता तिया म्हणेल. त्याने इंग्रजीत तिचे आभार मानले, सगळ्याबद्दल. तब्येतीला जपायला सांगितलं. वाक्यं छोटी होती आणि बिनचूक होती, बहुधा येताना जुळवलेली. तिने हात मिळवला आणि तिनेही इंग्रजीतच उत्तर दिलं, नव्या ठिकाणी चांगलं होवो वगैरे, आणि त्यातही काही चूक नव्हती. त्याने मान लववली, पिशव्या उचलल्या, आणि बोगद्यातून तो बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे गेला.

ती तिथेच बाकावर बसली. पंखा फिरत होता. इतक्या वर्षांच्या सवयीने तिचं डोकं आपसूक त्याचं वाक्य उचलून स्पॅनिशमध्ये नेऊ लागलं. आभार, सगळ्याबद्दल, तब्येत जपणं. सोपं होतं. आणि ती अडली. इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द आहे. स्पॅनिशमध्ये ठरवावं लागतं. आयुष्यभर तिने तो शब्द नेताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवलं होतं, आणि कधी चुकली नव्हती. त्याचा चेहरा तिने आत्ता, दोन हातांवरून, नीट पाहिला होता. तो आठवून पाहत ती बराच वेळ बसली. मग सफाईवाला दिवे मालवायला आला आणि तिला उठावं लागलं, वाक्य अर्धंच राहिलं.